बाबांची जीभ परत येईपर्यंत

माझं निम्मं आयुष्य गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलींत गेलं. अमरावतीत मी दातांचे डॉक्टर होऊ घातलेल्या पोरापोरींना शिकवते. दात शिकवत नाही. दातांच्या शेजारचं, साध्या डोळ्यांना न दिसणारं जे असतं ते शिकवते. जीभ, गालाचं अस्तर, लाळेच्या ग्रंथी. त्यांचे केसाहून पातळ काप काचेच्या पट्टीवर चिकटवायचे, दोन रंगांत बुडवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. पेशींची केंद्रं जांभळी होतात, उरलेलं जग गुलाबी. मुलं ते पाहून जर्नलमध्ये चित्रं काढतात. बारा रंगांच्या डब्यातले दोनच रंग झिजतात आणि बाकीचे दहा टेबलांवर विसरले जातात. माझ्या घरी हिरव्या, पिवळ्या, निळ्या नव्याकोऱ्या पेन्सिलींनी भरलेला एक पत्र्याचा डबा आहे. त्या रंगांचं काही माझ्या वाट्याला येत नाही, तरी टाकवत नाहीत.

दुपारी तीनच्या सुमाराला, पंखा फिरत असताना आणि मुलं पेंगत असताना, मी कधीकधी नुसतीच एक पट्टी लावून बसते. जिभेचा काप पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला कापूस वेचून झालेलं वावर आठवलं होतं. पऱ्हाटीच्या काड्या उभ्या, टोकं वाऱ्याच्या बाजूला कललेली, आणि वर आभाळ नसून पांढरा उजेड. जिभेवर हे टोकदार काटे सगळ्यांत जास्त असतात आणि त्यांना चव अजिबात कळत नाही. कुठल्याही सभेत असतं तसंच. चव कळते ती थोड्यांना. जिभेच्या मुळाशी आठ-दहा मोठे गोल उंचवटे असतात, प्रत्येकाभोवती एक खंदक, आणि खंदकाच्या भिंतीत स्वादकलिका, न उमललेल्या बोंडांसारख्या, टोकाला बारीक भोक ठेवून बसलेल्या. खंदकाच्या तळाशी काही ग्रंथी उघडतात. पातळ पाणी सोडत राहणं एवढंच त्यांचं काम, म्हणजे आधीची चव धुऊन निघते आणि पुढचीला जागा होते. कुणी न सांगता, रात्रंदिवस, तोंडातल्या काळोखात ते धुणं चालू असतं. ते पाहता पाहता मला झोप आणि जाग यांच्या मधलं काहीतरी होतं. घंटा वाजली की मी परत येते.

आमच्या या प्रयोगशाळेचं नूतनीकरण झालं तेव्हा उद्घाटनाला मोठे पाहुणे आले होते. सूक्ष्मदर्शकांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पाहुणे पहिल्याच यंत्रावर वाकले आणि भारावलेल्या आवाजात म्हणाले, “वा! केवढी अथांग सृष्टी आहे ही!” यंत्राचा दिवा लावायचा राहून गेला होता. त्यांना दिसल्या असतील त्या त्यांच्याच पापण्या. टाळ्या मात्र खऱ्या होत्या. मी ही गोष्ट अकोल्याला फोन करून बाबांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, “दिवा लावला असता तं बिचाऱ्याले काय बोलाव ते सुचलं नसतं.”

बाबा अकोल्यात एकटे राहतात. आई जाऊन सहा वर्षं झाली. ते पोस्टात होते. पातूरला, हिवरखेडला आणि मग अकोल्यात, खिडकीमागं बसून त्यांनी तिकिटं विकली आणि चिकटवली. टेबलावर ओला स्पंज ठेवलेला असायचा, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते जीभच वापरत. निरोप समारंभाला शाल, नारळ आणि सात भाषणं झाली. सत्काराला उत्तर द्यायला बाबा उठले, “डिंक चांगला होता” म्हणाले, आणि बसले.

त्यांच्या गल्लीच्या टोकाला बुद्धविहार आहे. वैशाख पौर्णिमेला तिथं खीर होते, सगळ्या वस्तीला पुरेल एवढी, आणि गेली तेवीस वर्षं त्या खिरीची पळी बाबांच्या हातात आहे. ढवळायला माणसं पुष्कळ असतात. बाबा फक्त चाखतात. ते “पुरे” म्हणेपर्यंत साखर पडत राहते, आणि “पुरे” म्हटल्यावर चिमूटही पडत नाही. या नेमणुकीचा ठराव झालेला नाही, पत्र निघालेलं नाही. एका वर्षी खीर सपक झाली, बाबा भर विहारात खवळले, आणि पुढच्या वर्षी लोकांनी पळीच त्यांच्या हातात दिली. एवढंच.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या जबड्याखाली डावीकडे सुपारीएवढी गाठ लागली. दाढी करताना त्यांनाच लागली. मी हे सगळं रोज शिकवते, तरी त्या जागी बोटं ठेवल्यावर मला ग्रंथीचं नाव आठवेना. गाठ वाईट निघाली, पण लहान होती आणि वेळेत सापडली. अमरावतीत शस्त्रक्रिया झाली, गाठीसकट ग्रंथी काढली, आणि मग सहा आठवडे, रविवार सोडून रोज, त्या बाजूला किरणं दिली. तेवढे दिवस बाबा माझ्याकडे राहिले. तिसऱ्या आठवड्यात तोंड कोरडं पडायला लागलं आणि चव गेली. एका सकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “माय, आज तू चहात साखर घातली नाई.” मी दोन चमचे घातली होती.

गाठीचा काप मी स्वतः पाहिला नाही. तो दुसऱ्यांना पाहू दिला. अहवाल आल्यावर मात्र शेजारचा निरोगी तुकडा मागून घेतला. आमच्याकडच्या ग्रंथीच्या पट्ट्या जुन्या होऊन फिक्या पडल्या होत्या, शिकवायला चांगली पट्टी हवी होती. हे कारण खरं होतं. तेवढंच खरं होतं असं नाही. बाबांनी संमतीच्या कागदावर पोस्टातली लांबलचक सही केली आणि विचारलं, “पोचपावती भेटन ना?”

आमच्या विभागात काप काढणारे तंत्रज्ञ चांदूर रेल्वेहून रोज गाडीनं येतात. मेणात बसवलेल्या तुकड्याचा काप पात्यावरून फितीसारखा सुटून येतो, तो ते श्वास रोखून कोमट पाण्यावर तरंगवतात आणि पट्टीवर उचलून घेतात. गाडी चुकली की त्यांचा हात थरथरतो, म्हणून उशिरा आले की ते त्या दिवशी काप काढत नाहीत, नुसत्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावतात. बाबांच्या तुकड्यासाठी ते एक गाडी आधी आले.

किरणं घेऊन झाली की बाबा माझ्या विभागात येऊन बसत. हातात पाण्याची बाटली, दर दोन मिनिटांनी एक घोट. एका दुपारी मी ती नवी पट्टी लावली, दिवा आठवणीनं लावला, आणि त्यांना बोलावलं. ते चष्मा काढून वाकले.

“हे काय हाय?”

“तुमची ग्रंथी. काढली ती.”

“मायी?” त्यांनी दुसरा डोळा मिटून घेतला. मग म्हणाले, “गुलाबी हाय वो.”

तंत्रज्ञ पलीकडून म्हणाले, “तो रंग आपन देला काकाजी. असलात ते मटनावानी असते.”

“मंग मी जे पाहून राहिलो ते कोनाचं हाय? मायं का तुमचं?”

“अर्धं अर्धं,” तंत्रज्ञ म्हणाले.

बाबांना तिथं काय दिसत होतं ते मला न पाहताही दिसत होतं. लहान लहान घोस, वस्तीसारखे. डोंगरावरून खाली पाहिलं की गावं दिसतात तसे. मधून फिकट गुलाबी वाहिन्या, नाल्यासारख्या, सगळं पाणी एका मोठ्या ओढ्याकडे नेणाऱ्या. काही पेशी पांढऱ्या, फुगलेल्या, पिंजलेल्या कापसासारख्या; त्या चिकट लाळ करतात. काही जांभळ्या, दाटीवाटीनं बसलेल्या. त्या पाण्यासारखी पातळ लाळ करतात. आणि काही ठिकाणी पांढऱ्या घोसाच्या डोक्यावर जांभळ्या पेशींची टोपी.

“ही कोर काय हाय? चंद्राची असते तशी?”

“तिला चंद्रकोरच म्हणतात. मुलांना काढायला लावतो आम्ही. पण बाबा, जिवंतपणी ती बहुतेक नसते.”

“म्हंजे?”

“तुकडा औषधी पाण्यात ठेवला की पांढऱ्या पेशी फुगतात आणि जांभळ्यांना मागं ढकलतात. म्हणून कोर दिसते. तोच तुकडा झटक्यात गोठवला तर सगळ्या एका ओळीत उभ्या सापडतात.”

“मंग पोट्ट्यायले खोटं काहून काढाले लावता?”

“परीक्षेत कोर विचारतात. काढली नाही तर मार्क जातात.”

“असं हाय.” त्यांनी डोळा काढला नाही. “आमचं उलटं होतं. इन्स्पेक्शनच्या दिवशी पोस्टात सगळे एका ओळीत उभे सापडत. एरवी नाई.”

तंत्रज्ञ हसले. बाबांनी बाटलीतून एक घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि पुन्हा वाकले. नळीत बोलावं तसं, माझ्याकडे न पाहता, त्यांनी विचारलं, “हे तं गेलं. पन आत जे राहिलं हाय, ते चालू होईन का?”

मी शिक्षिकेसारखं उत्तर दिलं. स्वादकलिका दर दहा-पंधरा दिवसांनी मरतात आणि नव्या येतात, तो त्यांचा नेमच आहे. किरणांनी नव्या घडवणाऱ्या पेशी दुखावल्या आहेत, त्या सावरतील, काही महिने लागतील. उरलेल्या ग्रंथींना त्याहून जास्त वेळ लागेल.

“पौर्निमेपर्यंत?”

मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

बाबा अकोल्याला परतले. मी रोज संध्याकाळी फोन करायची आणि एकच प्रश्न विचारायची, “आज?” तेही एका शब्दात उत्तर द्यायचे. “माती.” “कागद.” एकदा “साबन.” एकदा मोठ्या आशेनं, “ओला कागद.” फेब्रुवारी गेला, मार्च गेला. वरण कागद होतं, भाकर कागद होती, गल्लीतल्या बाईनं खास पाठवलेला ठेचा गरम कागद होता. दरम्यान माझ्या वर्गात साठ मुलं बाबांच्या ग्रंथीचं चित्र काढत होती. ती कुणाची हे त्यांना माहीत नव्हतं. एका मुलीनं चंद्रकोरी इतक्या सुरेख काढल्या की मला त्या दिवशी त्यांच्याखाली सही करवेना. तेव्हापासून मी मुलांना चित्राखाली एक ओळ लिहायला लावते: ही अशी दिसते, अशी असेलच असं नाही. ओळीला मार्क नाहीत.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी अकोल्याला गेले. वैशाखातलं अकोला म्हणजे तव्यावरून चालणं. एसटीच्या खिडकीतून येणारी हवा तोंडाला कोरड पाडत होती, आणि मी दर दोन मिनिटांनी बाटलीतून घोट घेत होते. मूर्तिजापूर मागं पडलं की माझ्या तोंडातलं अमरावतीचं शिकवणं उतरतं आणि घरचं बोलणं येतं; तेही त्या दिवशी कोरडंच आलं.

बाबा कूलरसमोर बसले होते. त्यांनी पाणी दिलं आणि सरळ विषयावर आले.

“काल वाटीभर साखर खाल्ली. वाळू लागली.”

“मंग उद्या पळी दुसऱ्याच्या हाती देऊन टाका बाबा. सांगा, बरं नाई म्हणून.”

“बरं नाई, हेच तं डिसेंबरपासून सांगून राहिलो.” कूलरच्या जाळीवरून पाणी झिरपत होतं, ते पाहत ते बोलत होते. “रस्त्यानं निंगालो की जो भेटला तो इचारते, आता कसं वाटते. दुधवाला इचारते, न्हावी इचारते. त्या एका दिवशी कोनी ते इचारत नाई. त्या दिवशी इचारतात, साखर पुरे का. मले फक्त तेवढं पाह्यजे. एक डाव. पुढच्या साली जीभ नाई आली तं मीच पळी देऊन टाकीन.”

मी आयुष्यभर समारंभांना हसत आले. व्यासपीठ दिसलं की मी मागची खुर्ची शोधते. आणि त्या दुपारी मी माझ्या बापाबरोबर बसून एका समारंभाची चोरी ठरवली. ती अशी: गंजाच्या, म्हणजे खिरीच्या मोठ्या पातेल्याच्या, एका बाजूला बाबा उभे राहतील, समोर मी, हातात वाटी-चमचा. मुलगी आली आहे, चाखते आहे, यात कुणाला काय वावगं दिसणार? बाबा पळीतली खीर तोंडात घेतील, डोळे मिटतील, आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहतील. मी ओढणी खांद्यावर सारखी केली तर आणखी साखर. चष्मा वर ढकलला तर पुरे.

“पोस्टात अशा तारा येत,” बाबा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी ते हसले. कोरडे ओठ दातांना चिकटले, ते त्यांनी पाण्यानं सोडवले.

सकाळी आठलाच ऊन चढलं होतं. विहारामागच्या शेडमध्ये भट्टी पेटली होती. पांढरी साडी नेसलेल्या बाया वेलदोडे कुटत होत्या, दोघंजण लांब दांड्यानं खीर ढवळत होते. बाबांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. गळ्यावरचा व्रण कॉलरमधून अर्धा दिसत होता. ते आले तसं कुणीतरी म्हणालं, “सरका, साहेब आले,” आणि पळी त्यांच्या हातात दिली. कुणीही विचारलं नाही की आता कसं वाटतं.

पहिली खेप ठीक गेली. बाबांनी चाखलं, डोळे मिटले. मी चाखलं, ओढणी सारखी केली. “आनखी,” बाबा म्हणाले. साखर पडली. दुसरी खेप, ओढणी. तिसरी, ओढणी. वाफ तोंडावर येत होती, वेलदोड्याचा वास डोक्यात भिनत होता, गंजातला पांढरा भोवरा गोल गोल फिरत होता आणि मी त्यात पाहत होते. मला ती दुपारी तीनची गुंगी आली. पिंजलेला कापूस, पांढरे घोस, नाले. मी चमचा भरून तोंडात घालत होते आणि मला वाटत होतं, अजून कमी आहे. चौथी, पाचवी. “आनखी,” बाबा म्हणत होते, शांत, ठाम, तेवीस वर्षांच्या अधिकारानं. साखर ओतणाऱ्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही. आठव्या चमच्याला मी चष्मा वर ढकलला.

“पुरे,” बाबा म्हणाले.

वंदना झाली. तेवढ्यात आमच्या घरासाठी एक डबा भरून बाजूला ठेवला गेला, दरवर्षी ठेवतात तसा. मग प्रमुख पाहुण्यांना पहिली वाटी दिली. त्यांनी एक चमचा घेतला, माइक जवळ ओढला आणि म्हणाले, “खिरीतला हा संतुलित गोडवा हीच आजच्या समाजाची गरज आहे.” मंडपात टाळ्या झाल्या.

दुसरी वाटी गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईची. तिच्या तोंडात चारच दात आहेत, पण जीभ शाबूत आहे. तिनं चाटून पाहिलं आणि टाळ्या थांबायच्या आत विचारलं, “ही खीर हाय का पाक? मुंगीनं खाल्ली तं मुंगीले शुगर होईन!”

एकदोघं हसले, मग हसणं थांबलं, आणि सगळे बाबांकडे पाहायला लागले. मी हातातल्या वाटीतून घाईनं चमचाभर खाल्ली. मला गोड लागली. बरी, नेहमीसारखी गोड. आणि त्याच क्षणी मला कळलं की मी काय केलं आहे. दरवर्षी मी फळ्यासमोर उभी राहून सांगते: एकच चव पुन्हापुन्हा दिली की जीभ थकते, ती चव कमी कमी लागत जाते, म्हणून दोन चमच्यांच्या मध्ये पाण्यानं चूळ भरा. खंदक धुऊ द्या. प्रात्यक्षिकाला मुलांच्या शेजारी पाण्याचे पेले मांडते. आणि इथं, कढत खिरीचे आठ चमचे, एक घोट पाणी न घेता. बाबांची बाटली गंजाशेजारीच ठेवलेली होती.

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पळी गंजावर आडवी ठेवली.

“मायी चूक,” ते मोठ्यानं म्हणाले. “मले चव लागत नाई. पाच महिने झाले. मी उगाच पुरे म्हनत होतो.”

मला बोलायचं होतं, पण मी बोलले असते तर आमची तार उघडी पडली असती, आणि ती उघडी पडू नये म्हणूनच त्यांनी पळी खाली ठेवली होती. आजपर्यंत मी ऐकलेलं ते दुसऱ्या नंबरचं छोटं भाषण. डिंकाच्या भाषणाहून मोठं, पण फार नाही.

म्हातारी म्हणाली, “मंग सांगाचं ना भाऊ! आमी काय तुमची जीभ पाहाले येतो का? एवढ्या उंच काठीसारकं उभं राहाचं अन् दटावाचं, ते तं जमते ना? धरा ते पळी. अन् तुमी बाया काय पाहून राहिल्या? दूध आना!”

घराघरातून दूध आलं, पातेल्यांतून, पिशव्यांतून, एका घरून चक्क बाळाच्या वाटणीचं. दांडा पुन्हा फिरला. म्हातारीनं बाबांच्या शेजारी खुर्ची टाकून घेतली, दर पळीला चाटून “अजून” म्हणाली, आणि बाबा मोठ्यानं म्हणाले, “अजून.” मध्ये ती स्वतःहून चूळ भरत होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी ती होकाराचं “हाव” म्हणाली, आणि बाबा “पुरे.” प्रमुख पाहुण्यांना नवी वाटी देऊ केली, पण त्यांना पुढचा कार्यक्रम होता.

दुपारी घरी आलो. दारं लोटलेली, कूलरचा ओला वारा, बाहेर पांढरं ऊन. बाबा खाटेवर बसले आणि मी खाली फरशीवर, पाय पसरून.

“बाबा, चूक मायी होती.”

“मले मालूम हाय.”

“कसं?”

“पयल्या चमच्याले तू जसं तोंड केलं, आठव्यालेबी तसंच. साखर पोत्यानं पडून राहिली अन् तुया चेहऱ्यावर रेघ नाई हालली. मी तिकिटाच्या खिडकीत बसलो बाई, लोकायचे तोंडं वाचले.” ते थोडं थांबले. “अन् मले वाटलं, तुयी जीभ गेली का काय आता. भेवच वाटलं.”

मग त्यांनी सकाळचा तो डबा ओढला. दूध घालायच्या आधीचा, म्हातारीच्या मुंगीचा. भूक लागली होती म्हणून, की अन्न टाकू नये म्हणून, त्यांनी दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला ते चघळायचे थांबले. गाल आत ओढला गेला, जबड्याखालची उजवी बाजू, जिथं ग्रंथी शाबूत आहे ती, किंचित हलली.

“काय झालं?”

“काई नाई.” आणखी एक घास. “माय, लागून राहिलं.”

“काय लागून राहिलं?”

“गोड. लांबून. जसं दुसऱ्या गल्लीत कोनी बोलून राहिलं. पन गोड.”

मी पाय आवरून सरळ बसले. माझ्या जागी दुसरी कुणी मुलगी असती तर तिनं इथं बापाला मिठी मारली असती. मी स्वयंपाकघरात गेले. कारण बाबा दयाळू आहेत, आणि सकाळी त्यांनी माझ्यासाठी एक खोटं बोलून दाखवलं होतं. दुसरं बोलणं त्यांना अवघड नव्हतं. आणि वेलदोडा नाकातून कळतो, तांदूळ दातांना कळतो. त्याला गोडाची चव म्हणत नाहीत. मी डब्यातली खीर गाळणीतून गाळली. एका वाटीत ते पातळ गोड दूध, दुसरीत साधं दूध, दोन्ही सारखीच कोमट. चमचा धुतला. पाण्याचा पेला भरला.

“डोळे मिटा. नाक धरा.”

“हे काय अंगाऱ्या-धुपाऱ्याचं?”

“धरा बाबा.”

ते मुकाट्यानं नाक धरून बसले, पांढऱ्या सदऱ्यात, खाटेवर ताठ, तिकिटाच्या खिडकीत बसत तसे. मी पहिला चमचा दिला. त्यांनी तोंडात फिरवला.

“दूध.”

चूळ. दुसरा चमचा.

“दूध. तेच देलं तू.”

खरंच तेच दिलं होतं. चूळ. मी वाटी बदलली. काप उचलताना तंत्रज्ञ रोखतात तसा मी श्वास रोखला. चमचा त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड मिटलं, आणि मिटलेल्या पापण्यांखाली डोळे हलले. मला खंदक दिसत होता, त्याच्या भिंतीतली एखादी नवी बोंडासारखी कळी, दहा दिवसांची, भोक उघडं ठेवून बसलेली, आणि तळाचं थोडंसं पाणी.

“ही खीर हाय,” नाक धरलेल्या आवाजात बाबा म्हणाले. “अन् तिच्यात साखर लई झाली.”